वणीजवळच्या डिझेल टाक्या आणि वीज : कामाच्या नोंदी

१८ मार्च

वणी-मारेगाव भागात, मुख्य रस्त्यापासून आत, रस्त्याच्या कामाचा कॅम्प आहे. क्रशर, डांबराचा प्लांट, टिप्परची रांग, आणि कुंपणाच्या कडेला दोन उभ्या डिझेल टाक्या, प्रत्येकी ५० किलोलिटरच्या. एक टाकी नवी आहे, दुसरी आधीच्या साइटवरून उचलून आणलेली. भोवती डाइकची, म्हणजे सांडलेलं तेल अडवायची भिंत, भिंतीपलीकडे शेत. वेचणी संपली तरी पऱ्हाटी अजून उभीच आहे. शेताच्या उतारावर नाला आहे आणि तो गावाकडे जातो.

वर्क ऑर्डरमध्ये एकच ओळ आहे: ‘टाक्यांना लाइटनिंग अरेस्टर बसवून देणे.’ अरेस्टर म्हणजे वीज झेलणारी सळी. मॅनेजर साहेबांना म्हटलं, आधी टाक्या बघू द्या, काय बसवायचं ते नंतर ठरवू. पावसाळ्याआधी काम उरकायचं आहे. खरं तर पावसाळ्याआधी म्हणूनही चालायचं नाही. आपल्याकडे विजांचा जोर एप्रिल-मेच्या वादळांतच सुरू होतो, मृगाची वाट कोणी पाहत नाही.

हे काम मी हलक्या हाताने घेणार नाही. तेलाच्या टाक्यांच्या १९६० ते २००३ या काळातल्या २४२ अपघातांचा एक अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला होता. त्यातले ८० अपघात विजेमुळे झालेले होते, म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा. दुसरं कुठलंच कारण त्याच्या आसपास नव्हतं.

२२ मार्च

आज दोन्ही टाक्यांच्या छतावर चढलो. सोबत फिटर भाऊ होते.

काय शोधतोय ते त्यांना आधी समजावलं. पोलादी टाकीवर वीज पडली म्हणून टाकी पेट घेतेच असं नाही. जाड पत्रा, सगळीकडून वेल्ड केलेला, खाली जमिनीशी पक्का जोडलेला असेल, तर हजारो अँपिअरचा प्रवाह बाहेरच्या बाहेर पत्र्यावरून उतरून जातो. आतल्या तेलाला पत्ताही लागत नाही. घात होतो तो फटीमध्ये. धातूचे दोन भाग जवळ आहेत पण नीट चिकटलेले नाहीत, मध्ये रंग आहे, गंज आहे, रबर आहे, अशा जागी प्रवाह उडी मारतो. तिथे ठिणगी पडते, आणि नेमकी तिथूनच वाफ बाहेर येत असेल तर पुढे सांगायला नको.

जुन्या टाकीचं डिप हॅच, म्हणजे तेलाची पातळी मोजायचं छतावरचं तोंड, उघडून पाहिलं. बिजागरीची पिन गंजून अर्धी राहिली आहे, झाकण एका बाजूला कललंय. खालचं गॅस्केट कडक होऊन त्याचे तुकडे पडलेत. झाकण आणि गळ्यामध्ये नखभर फट आहे, आणि तिच्या कडेला डिझेलचा चिकट काळा थर साचलाय. ठिणगीला जागा आणि वाफेला वाट, दोन्ही एकाच ठिकाणी. ओहममीटर लावला तर झाकण आणि छत यांच्यात काटा कधी जोडलेलं दाखवे, कधी तुटलेलं. झाकण हाताने दाबलं की जोडलेलं, सोडलं की तुटलेलं.

व्हेंटची, म्हणजे टाकीत हवा ये-जा करायच्या नळीचीही तीच गत. व्हेंटच्या तोंडाला न गंजणाऱ्या बारीक जाळीचे दोन थर हवेत, सेंटिमीटरला किमान ११ छिद्रांची जाळी. बाहेर पेटलेली ज्वाळा तारांमध्ये थंड व्हावी आणि आत शिरू नये, हा तिचा उपयोग. नव्या टाकीच्या जाळीवर क्रशरची धूळ आणि शेतातून उडून आलेल्या कापसाच्या तंतूंचा नमदा बसलाय. जुन्या टाकीला जाळीच नाही! फिटर भाऊ म्हणाले, “गांधीलमाशीनं पोळं केलं होतं जी आत. टाकी श्वास नाही घेऊन राहिली म्हणून कोणीतरी काढून टाकली.” काढणाऱ्याची अडचण खरी होती. व्हेंट तुंबलेला असताना पंपाने तेल ओढलं तर टाकी आत चेपते. पण जाळी साफ करायची असते, काढून टाकायची नसते.

रेलिंग बोल्टने बसवलंय, बोल्टखाली रंगाचे थर. शिडीचंही तसंच. सगळ्या जागांवर खडूने खुणा केल्या.

२९ मार्च

अरेस्टर विकणारे एक गृहस्थ कॅम्पवर येऊन गेले. त्यांच्या छापील पत्रकात एक चकचकीत टोक आहे. ते खांबावर लावलं की आजूबाजूचा मोठा घेर सुरक्षित होतो असं लिहिलंय. वीज खाली येण्याआधीच हे टोक तिला पकडतं, हा दावा.

साहेबांना हा सौदा सोपा वाटला. मी स्पष्ट नाही म्हणालो. आपल्याकडे लागू असलेलं मानक आहे आयएस/आयईसी ६२३०५. त्यात संरक्षणाचा घेर काढतात तो फिरत्या गोलाने. सगळ्यात कडक पातळीला २० मीटर त्रिज्येचा काल्पनिक गोल घ्यायचा आणि तो साइटवरून सगळीकडून लोळवायचा. गोल जिथे टेकेल तिथे वीज पडू शकते. टोक कितीही महागडं असलं तरी या हिशोबात ते साध्या सळीएवढंच धरतात. लवकर पकडण्याचा वाढीव घेर या मानकाला मान्य नाही. आणि समजा वीज खांबाने झेललीही, तरी हॅचची फट तशीच राहते. जवळच्या विजेने टाकीवर जो भार उसळतो, तो त्या फटीत ठिणगी पाडायला पुरेसा असतो.

साहेबांनी विचारलं, “मग तुम्ही नेमकं लावणार काय?” म्हटलं, नवीन फारसं काही नाही. जे आहे ते जोडणार.

५ एप्रिल

अर्थिंग. आजचा दिवस सगळा यातच गेला.

पेट्रोलियम नियम २००२ प्रमाणे टाकीला जमिनीशी किमान दोन स्वतंत्र जोडण्या हव्यात, समोरासमोरच्या टोकांना. जमिनीशी रोध ७ ओहमपेक्षा जास्त नको. फिटिंगचा कुठलाही भाग ते अर्थ प्लेट, हा रोध २ ओहमपेक्षा जास्त नको. वर्षातून एकदा तरी तपासणी करून नोंद ठेवायची. कागदावर कॅम्पचं सगळं बरोबर आहे. मागचा रिपोर्ट गेल्या ऑगस्टचा, चारही पिट (अर्थिंगचे खड्डे) ४ ओहमच्या आत.

आज अर्थ टेस्टर लावायला घेतला तर मदतनीस पोरगा बादली घेऊन हजर. “पाणी टाकलं की रीडिंग उतरते जी, आम्ही दरवेळी टाकतो.” त्याला थांबवलं. पाणी फक्त चाचणीच्या खिळ्यांपाशी टाकू दिलं, पिटमध्ये थेंबही नाही. प्रवाहाचा खिळा ४० मीटरवर, व्होल्टेजचा साधारण २५ मीटरवर, तो पुढेमागे सरकवून रीडिंग स्थिर आहे ना ते पाहिलं. जुन्या टाकीचा उत्तरेकडचा पिट: १६ ओहम. दक्षिणेकडचा ११. नव्या टाकीचे दोन्ही ९ च्या आसपास.

कारण पायाखालीच आहे. ही काळी कपाशीची माती. पावसात ती फुगते, पाणी धरते, आणि तेव्हा तिच्यासारखी अर्थिंगला चांगली माती नाही. उन्हाळ्यात तीच आकसते, भेगाळते. पिटच्या झाकणाखाली टॉर्च मारली तर जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप आणि माती यांच्यात बोट जाईल एवढी पोकळी, हिरडी सोडलेल्या दातासारखा पाइप उभा. वरून पाइपला घट्ट क्लॅम्प, लाल-हिरवा रंग, नंबरची पाटी, सगळं जागच्या जागी. फक्त जमिनीशी संबंध तुटलेला.

म्हणजे ऑगस्टचा रिपोर्ट खोटा नव्हता. तो ऑगस्टचा होता, एवढंच. विदर्भात पहिली वीज कोरड्या भेगाळलेल्या जमिनीवर पडते, पाऊस मुरल्यावर नव्हे. तपासणी एप्रिल-मेमध्येच व्हायला हवी, आणि पिटला पाणी न घालता. या एका गोष्टीसाठी मी कॅम्पशी भांडायला तयार आहे.

आणखी एक दिसलं. टाकीपासून पिटपर्यंतची केबल लांब होती, तर उरलेली आधीच्या माणसाने गोल गुंडाळून, टाय मारून ठेवलीय. घरच्या वायरिंगला चालून जातं. विजेचा प्रवाह काही मायक्रोसेकंदांत चढतो. त्याला ते वेटोळं अडथळा वाटतं, मग तो वेटोळं सोडून जवळच्या पाइपवर उडी घेतो. केबल कापून सरळ, आखूड करायची.

१२ एप्रिल

खणायला सुरुवात. काळी माती जेमतेम चार फूट, खाली मुरूम, मुरमाखाली बेसाल्टचा काळा दगड. सळी खोल ठोकायचा प्रश्नच नाही, टोक दगडाला लागून वाकतं. म्हणून आडवं जायचं ठरवलं: दोन्ही टाक्यांभोवती मिळून एक बंद कडं, ५० × ६ मिमी जीआय पट्टीचं, पायापासून मीटरभर दूर. मानकात कड्याची खोली किमान अर्धा मीटर दिलीय. मी मीटरभर घेतली, कारण इथे वरचा दीड-दोन फूट थर उन्हाळ्यात कामाचा राहत नाही.

स्टोअरवाल्या काकांनी परंपरेप्रमाणे मीठ आणि कोळशाची पोती काढून ठेवली होती. त्यांना हात जोडून मीठ परत ठेवायला लावलं. मिठाने रीडिंग पटकन उतरतं हे खरं, पण पावसाने मीठ वाहून जातं आणि तोवर जीआय खाऊन टाकतं. बेंटोनाइट या फुगणाऱ्या चिकणमातीचा गारा करून पट्टीभोवती ओतला. तो ओल धरतो आणि पट्टीला चिकटून राहतो. पट्टीचे सांधे वेल्ड केले, वर बिटुमेन.

पट्टी जिथे डाइकच्या भिंतीतून जाते तिथे स्लीव्ह टाकून दोन्ही बाजूंनी सील केलं. गवंडी म्हणाले, एवढ्याशा भोकाचं काय एवढं. डाइक म्हणजे टाकी फुटली तर तेल अडवायची शेवटची भिंत. तिला भोक ठेवलं तर ती भिंतच राहत नाही.

२४ एप्रिल

छताच्या पत्र्याची जाडी मोजली, अल्ट्रासोनिक गेजने. नवी टाकी सगळीकडे ५ मिमीच्या जवळ. जुन्या टाकीचं छत हॅचभोवती खोलगट झालंय, पावसाचं पाणी तिथे साचत आलंय. तिथे ३.१ आणि ३.३ अशी रीडिंग आली.

विजेने पोलाद भेदलं जाऊ नये यासाठी आयएस/आयईसी ६२३०५ च्या तिसऱ्या भागात ४ मिमी जाडी धरलीय, अमेरिकेच्या एनएफपीए ७८० या मानकात ४.८ मिमी. म्हणजे ‘टाकी स्वतःचं रक्षण स्वतः करते’ हे वाक्य नव्या टाकीला लागू आहे, जुनीला नाही. पातळ पत्र्यावर वीज पडली तर त्याला आरपार भोक पडेल, किंवा आतली बाजू तापून लाल होईल, आणि आत वाफ आहे.

दोन रस्ते होते. एक, उंच खांब आणि वर ताणलेली तार, म्हणजे वीज छतावर पडूच नये. दुसरा, छत बदलणं. मी छत बदला म्हणालो. ज्या पत्र्याला गंजाने एवढं खाल्लंय तो दोन वर्षांत आणखी पातळ होणार. साहेब खर्चावर अडले होते, गेजचे आकडे त्यांच्याच वहीत त्यांच्याच हाताने लिहायला लावले तेव्हा मानले. टाकी रिकामी करणं, धुणं, आत वाफ उरली नाही याची गॅस-फ्री तपासणी, वेल्डिंगसाठीचं हॉट वर्क परमिट, हे सगळं टाकीवाला ठेकेदार करेल. परवाना पेसोचा, म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटकांच्या सुरक्षेच्या केंद्रीय संस्थेचा, आणि पेसोचं मुख्यालय नागपुरातच. मंजूर नकाशात काही बदलत असेल तर आधी तिथली परवानगी, मग काम. याबाबतीत ‘नंतर पाहू’ चालणार नाही.

६ मे

दुपारी दोनला छताच्या पत्र्याचं तापमान ५८ अंश. वरच्या थरातलं डिझेल ४० च्या पुढे.

ड्रायव्हर मंडळींत एक पक्की समजूत आहे: पेट्रोल पेटतं, डिझेल नाही. एकजण म्हणाला, “डिझेलमध्ये विडी टाकली तरी विझते जी.” यावर आज जेवणाच्या सुट्टीत बराच वेळ बोललो. आपल्याकडे डिझेलचा फ्लॅश पॉइंट किमान ३५ अंश असावा असं मानक आहे. त्या तापमानाला तेलावर एवढी वाफ तयार होते की ठिणगीने ती भडकते. प्रत्यक्षात मिळणाऱ्या डिझेलचा पॉइंट यापेक्षा बराच वर असू शकतो, पण ३५ चा माल आला तर तोही नियमातच बसतो. डिसेंबरच्या थंडीत टाकीतली वाफ पेटण्याइतकी दाट नसते. मे महिन्यात यवतमाळ-चंद्रपूर पट्ट्यात पारा ४५ च्या घरात जातो तेव्हा ती खात्री उरत नाही.

त्यात संध्याकाळचं वादळ. दिवसभर तापलेल्या टाकीवर पावसाची पहिली सर पडते, आतली हवा एकदम आकसते, आणि टाकी व्हेंटमधून बाहेरची हवा ओढते. वाफ गरम, हवा ताजी आणि डोक्यावर वीज, तिन्ही त्याच पंधरा-वीस मिनिटांत एकत्र येतात. म्हणून जाळी, म्हणून हॅचचं गॅस्केट. विडीचं बोलणारा ड्रायव्हर शेवटी गप्प बसला. नंतर स्वतःहून व्हेंट बघायला वर आला.

११ मे

काल संध्याकाळी वादळ झालं. कडकडाट जवळच होता, पण टाक्यांना काही झालं नाही. आज सकाळी गेलो तेव्हा डाइकचा ड्रेन व्हॉल्व्ह उघडा दिसला. वॉचमन काकांना विचारलं, काका, हा कोणी उघडला? म्हणाले, “पाणी साचते न बाप्पा आत. पाऊस आला का आपण खोलून देतो, जाते नाल्यात.”

त्यांना बाजूला बसवून ड्रोंकाची गोष्ट सांगितली. इजिप्तमधलं गाव, २ नोव्हेंबर १९९४. वादळात तेलाच्या टाक्यांवर वीज पडली, आणि त्याच वादळाचा पूर आलेला. जळतं तेल पाण्यावर तरंगत गावात शिरलं. ४६९ माणसं गेली. विजेमुळे अप्रत्यक्षपणे झालेल्या मृत्यूंचा हा सगळ्यात मोठा आकडा म्हणून जागतिक हवामान संघटनेने नोंदवलाय. तेल पाण्यावर तरंगतं, पाणी उताराकडे जातं, आणि आपल्या उताराला गाव आहे.

काका बराच वेळ नाल्याकडे पाहत होते. मग म्हणाले, माझी मुलगी त्याच वस्तीत दिली आहे.

आता व्हॉल्व्हला साखळी-कुलूप, किल्ली शिफ्ट इन्चार्जकडे. पाऊस थांबल्यावर, पाण्यावर तेलाचा तवंग नाही हे पाहून, माणूस उभा राहून पाणी सोडायचं आणि व्हॉल्व्ह बंद करूनच निघायचं. वहीत वेळ आणि सही.

२३ मे

जुन्या टाकीचं छत झालं, ६ मिमी पत्रा, उतार नीट दिलाय, पाणी साचणार नाही. नवीन हॅच. व्हेंटला दोन थरांची जाळी, आणि ती काढून साफ करता यावी असं फ्लँजचं, म्हणजे बोल्टने जोडायच्या कड्याचं तोंड. झाकण ते गळा, व्हेंट ते छत, रेलिंग, शिडी, पाइपलाइनचे फ्लँज, सगळीकडे कल्हई केलेल्या तांब्याच्या लवचिक जंपरने जोडलं. प्रत्येक बोल्टखालचा रंग घासून धातू उघडा केला, घट्ट आवळला, आणि त्यानंतरच वरून रंग. वेल्डर दादांनी रेलिंग थेट वेल्ड करून टाकलं, तो सगळ्यात चांगला जोड.

२८ मे

रंगकामाच्या वेळी कोणीतरी टाकीच्या रेलिंगला सीसीटीव्ही कॅमेरा बांधून गेलंय. केबल शिडीला टाय मारत खाली, आणि तिथून थेट ऑफिसात. म्हणजे टाकीवर पडलेल्या विजेला ऑफिसच्या टेबलापर्यंत स्वतःहून रस्ता करून दिला. कॅमेरा काढायला लावला. टाक्यांपासून दूर, स्वतंत्र खांबावर लावा. तेलाची पातळी कळवणाऱ्या लेव्हल ट्रान्समीटरची केबल मात्र टाकीवरून येणारच. ती जीआय पाइपमध्ये घातली, पाइप दोन्ही टोकांना अर्थला जोडला, ऑफिसच्या टोकाला विजेचा झटका अडवणारं सर्ज प्रोटेक्शन बसवलं.

४ जून

माणसांसाठीचे नियम ठरवले. मॅनेजर, ड्रायव्हर, पंपवाले, सगळे हजर होते.

वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत मोजायचं. आवाज तीन सेकंदांत साधारण एक किलोमीटर येतो. ३० सेकंदांच्या आत गडगडाट आला तर वादळ दहा किलोमीटरच्या आत आहे. टँकर खाली करणं बंद, डिझेल भरणं बंद, होज काढून व्हॉल्व्ह बंद, छतावर डिप घ्यायला कोणी चढायचं नाही. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं थांबायचं. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं, विजेचा इशारा देणारं ‘दामिनी’ ॲप सगळ्यांच्या मोबाइलमध्ये टाकून दिलं, पण इथे नेटवर्क येतं-जातं. म्हणून हाताने फिरवायचा भोंगा ऑफिसच्या दारात ठेवलाय.

टँकर ड्रायव्हर ज्या कडुनिंबाखाली बसतात तो टाक्यांपासून लांब आहे, तरी तिथला बाक हलवला. झाडावर वीज पडली की ती खोडावरून बाजूच्या माणसावर उडी घेते. मग कुठे बसायचं? टिप्परच्या केबिनमध्ये, काचा लावून, किंवा पक्क्या ऑफिसात. पत्र्याच्या टपरीत नाही.

एकाने विचारलं, पाऊस येण्याआधीच टँकर रिकामा करून टाकला तर? म्हटलं, गडगडाट ऐकू येत असेल तर नाही. पार्टी ओरडली तरी नाही. साहेब शेजारीच होते. त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं की थांबल्याबद्दल कोणाचे पैसे कापले जाणार नाहीत. हे त्यांनी बोलणं फार गरजेचं होतं.

१२ जून

शेवटची मोजणी. जमिनीत अजून पावसाचं पाणी नीट मुरलेलं नाही, म्हणून आजच घेतली. कड्याला जोडून जुन्या टाकीची जमिनीशी रीडिंग ३.६ ओहम, नवीची ३.४. टेस्ट लिंक (मोजणीसाठी सोडायचा जोड) उघडून जुने पिट वेगळे मोजले, ते अजून ७ च्या वरच आहेत. आता भार कड्यावर आहे, पिटवर नाही. हॅच, व्हेंट, रेलिंग, फ्लँज ते अर्थ प्लेट, कुठेही अर्ध्या ओहमच्या वर नाही. झाकण दाबून आणि सोडून, दोन्ही वेळा काटा हलला नाही.

राहिलेलं: सीसीटीव्हीच्या नव्या खांबाचं अर्थिंग. व्हेंट जाळीची साफसफाई महिन्यातून एकदा, कापूस वेचणीच्या दिवसांत दर पंधरवड्याला. जुन्या पिटभोवती बेंटोनाइट. पुढची अर्थ तपासणी मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, पिटमध्ये पाणी न टाकता. तपासणीच्या वहीच्या पहिल्या पानावर हे लाल शाईने लिहून साहेबांची सही घेतली आहे.